ऑब्सिडियनमध्ये मराठी नोंदी ठेवायच्या तर: नवख्यांसाठी

ऑब्सिडियन हे नोंदी ठेवायचं अ‍ॅप कुणी घेऊ नये ते आधी सांगतो, म्हणजे ज्यांचा वेळ वाचायचा त्यांचा इथंच वाचेल. किराण्याची यादी, लाइट बिलाची तारीख, ‘उद्या मामांना फोन करणे’ एवढंच लिहून ठेवायचं असेल तर फोनमधलं गूगल कीप पुष्कळ झालं. दोघातिघांनी एकाच वेळी एकाच कागदावर लिहायचं असेल तर गूगल डॉक्स. पावत्यांचे आणि वहीच्या पानांचे फोटो काढून त्यातली अक्षरं शोधायची असतील तरीही हे अ‍ॅप नको, कारण फोटोतला मजकूर ते स्वतःहून वाचत नाही.

हे अ‍ॅप त्यांच्यासाठी, ज्यांना त्याच त्या विषयांकडे वर्षानुवर्षं परत यावं लागतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत क्वालिटी बघणारा माणूस, लागणीपासून तोडणीपर्यंत उसाचा जमाखर्च ठेवणारा शेतकरी, अभ्यासिकेत एमपीएससीसाठी ठाण मांडून बसलेली मुलगी, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यापासून हायकोर्टाच्या कामात शिरलेला ज्युनिअर वकील. मी यातला पहिला. फौंड्रीत आहे, त्यामुळं उदाहरणं तिथलीच येतील. तुम्ही ब्लो होलच्या (ओतलेल्या धातूत राहणाऱ्या पोकळीच्या) जागी कलम ४९८ किंवा हुमणी अळी वाचा, पद्धत तीच.

हे आहे काय

शिदा ली आणि एरिका शू या दोघांनी २०२० मध्ये ऑब्सिडियन लोकांपुढं आणलं. त्याआधी डायनॅलिस्ट नावाचं याद्यांचं अ‍ॅप त्यांनीच काढलेलं. पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ची. वापरायला फुकट आहे, आणि फेब्रुवारी २०२५ पासून कंपनीच्या कामासाठी वापरलं तरी परवाना विकत घ्यावा लागत नाही. मात्र फुकट म्हणजे खुलं नव्हे. त्याचा सोर्स कोड लोकांसाठी मोकळा नाही. ज्यांना तो हट्ट आहे त्यांनी जॉपलिन किंवा लॉगसेक बघावं.

याची खरी ताकद एका साध्या गोष्टीत आहे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक नोंद ही तुमच्या कॉम्प्युटरवरची एक साधी टेक्स्ट फाइल असते. मार्कडाउन नावाच्या पद्धतीनं लिहिलेली, नावाच्या शेवटी ‘डॉट एमडी’. नोटपॅडमध्ये उघडते, पेन ड्राइव्हवर जाते, दहा वर्षांनी ऑब्सिडियन बंद पडलं तरी वाचता येते. लॉगिन नाही, खातं नाही, नेट नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं वीज आणि नेट कसं होतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. लॅपटॉपला चार्जिंग आहे तोवर हे उघडतं. नोशन या ऑनलाइन नोंदींच्या अ‍ॅपमधली टेबलं याच्यापेक्षा देखणी आहेत, मला मान्य आहे, पण तिथं नोंदींचं मूळ घर त्यांच्या सर्व्हरवर असतं.

बसवताना

ऑब्सिडियन डॉट एमडी या त्यांच्या साइटवरूनच घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांसाठी आहे. शक्य असेल तर सुरुवात लॅपटॉपवर करा. फोनवर शिकायला गेलं की चिडचिड होते.

उघडल्यावर ते ‘व्हॉल्ट’ बनवायला सांगतं. नाव भारदस्त असलं तरी व्हॉल्ट म्हणजे निव्वळ एक फोल्डर. त्याला ‘नोंदी’ असं सरळ नाव द्या. ऑफिसचा एक, घरचा एक, वाचनाचा एक असे तीन व्हॉल्ट करायचा मोह होतो. करू नका, एका व्हॉल्टमधून दुसऱ्यात नीट जोडण्या (लिंक) करता येत नाहीत.

हा फोल्डर ठेवायचा कुठं, इथं दोन ठिकाणी जपा. विंडोजवर ‘डॉक्युमेंट्स’ पुष्कळदा गुपचूप वनड्राइव्हला जोडलेलं असतं. नको असेल तर डी ड्राइव्हवर फोल्डर करा. आणि अँड्रॉइडवर व्हॉल्ट बनवताना ‘अ‍ॅप स्टोरेज’ की ‘डिव्हाइस स्टोरेज’ असं विचारलं तर डिव्हाइस स्टोरेज निवडा. अ‍ॅप स्टोरेजमधल्या नोंदी अ‍ॅप काढून टाकलं की त्याच्याबरोबर जातात. फोन भरला म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकायची आपल्याकडं सगळ्यांनाच सवय असते, म्हणून हे ठळक सांगतोय.

सेटिंग्जमध्ये पहिल्या दिवशी तीनच गोष्टींना हात लावा. ‘फाइल्स अँड लिंक्स’मध्ये जाऊन फोटो आणि पीडीएफसाठी वेगळा फोल्डर ठरवून द्या, त्याला ‘जोडपत्रं’ म्हणा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो नोंदींच्या यादीत घुसून बसतात. तिथंच, नोंदीचं नाव बदललं की तिच्याकडच्या जोडण्या आपोआप दुरुस्त करायचा पर्याय आहे, तो चालू करा. तिसरं, ‘कोअर प्लगइन्स’मध्ये (अ‍ॅपबरोबरच येणाऱ्या जादा सोयींमध्ये) ‘डेली नोट्स’ चालू असल्याची खात्री करा आणि त्याच्यासाठी ‘रोज’ नावाचा फोल्डर द्या. तारखेचा साचा आहे तसा राहू दे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. या क्रमानं फाइली आपोआप ओळीत लागतात.

रंग, थीम, फाँट यांत रविवार घालवायचा तर घालवा. मुक्ता किंवा नोटोचा देवनागरी फाँट लावला तर डोळ्यांना बरं वाटतं, एवढं म्हणेन.

कीर्द आणि खतावणी

लिहायला कसं बसायचं, याचं उत्तर इंग्रजी व्हिडिओंत शोधायला गेलं की मोठमोठी नावं कानावर पडतात. निक्लास लुहमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं जवळपास ९०,००० चिठ्ठ्या एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. सगळे त्याचं नाव घेतात. त्याची पद्धत चांगलीच आहे. पण लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना यातलं निम्मं पाठ होतं. दिवसभरात जे घडलं ते आलं तसं रोजकीर्दीत लिहायचं. त्यातली प्रत्येक रक्कम मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायची. कीर्द तारखेनं चालते, खतावणी खात्यानं.

ऑब्सिडियनमध्ये ‘डेली नोट’ ही तुमची कीर्द. सकाळी उघडायची, दिवसभर त्यातच लिहायचं. हे कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, असा विचार करत थांबायचंच नाही. फरक इतकाच की खात्यावर चढवायचं काम हाताने करावं लागत नाही. ज्या शब्दाचं खातं हवं त्याच्याभोवती दुहेरी चौकटी कंस टाकायचे. पावसाळ्यातल्या एका सकाळची नोंद कशी दिसते बघा:

पहिली शिफ्ट. पंप हाउसिंगमध्ये पुन्हा [[ब्लो होल]], सगळे वरच्या बाजूला. वाळू मुठीत धरली तर हात ओला होतोय. [[वाळूतला ओलावा]] ४.३ आला, रोज साडेतीनच्या आसपास असतो. रात्री पावसात ढिगावरचा कागद उडालेला. [[कोअर]] कालचे होते, ओव्हनमध्ये परत फिरवले नव्हते. मिक्सरवाल्याला पाणी कमी करायला सांगितलं.

(कोअर म्हणजे साच्यात पोकळ भागासाठी बसवायचा वाळूचा ठोकळा.) पाच-सहा ओळी. व्याकरण नाही, मथळे नाहीत. ‘वाळूतला ओलावा’ नावाची नोंद आधी नसली तरी चालतं. कंसातल्या नावावर क्लिक केलं की ती तयार होते. आणि त्या नोंदीत तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही तरी तिच्या ‘बॅकलिंक्स’मध्ये ज्या ज्या दिवशी तिचा उल्लेख झाला ते सगळे दिवस, त्या त्या ओळीसकट, एकाखाली एक उभे राहतात. हेच खातं. लॅपटॉपवर हे उजवीकडच्या पट्टीत दिसतं. बॅकलिंक्सच्या सेटिंगमध्ये ते नोंदीच्या तळाशीच दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा, फोनवर फार सोयीचा पडतो.

आता याचा उपयोग. दिवाळीच्या सुमारास ‘ब्लो होल’चं खातं उघडायचं आणि वरून खाली वाचत जायचं. पावसाळ्यातल्या नोंदींत ओलावा वारंवार येतो, उन्हाळ्यातल्यांत येत नाही. ओली वाळू म्हणजे ओतताना वाफ जास्त, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत पोकळी करून बसते. हे पुस्तकात आहेच. पण आपल्या शॉपवर ते वाळूमुळं होतंय की पावसाळी हवेत ओल धरलेल्या कोअरमुळं, हे पुस्तक सांगत नाही. ते खात्यात दिसतं, कारण कोअरचा उल्लेख ज्या दिवशी आहे त्या दिवशी ओलाव्याचा आकडा काय होता तेही त्याच ओळींत आहे. रिजेक्शनच्या एक्सेलमध्ये किलो आणि टक्के असतात, ढिगावरचा कागद उडाल्याचं त्यात कुणी लिहीत नाही.

अशा खात्यात चार-सहा उल्लेख साठले की मग त्या नोंदीच्या वरच्या भागात स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा: आपल्याला काय कळलं, काय करून बघितलं, काय चाललं नाही. ही चार ओळींची नोंद पुढं खरी कामाला येते. उल्लेख साठायच्या आधी लिहायला गेलात तर गूगलवरचंच उतरवून ठेवाल.

मराठी असल्यामुळं

ऑब्सिडियनबद्दलच्या इंग्रजी लेखांत हा भाग सापडणार नाही, आणि मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण इथंच होते.

इंग्रजीत ‘फ्लड’ हा शब्द वाक्यात कुठंही ‘फ्लड’च राहतो. आपला पूर पुरात, पुरामुळं, पुराचं होतो. बंधारा बंधाऱ्यावर जातो, रस्ता रस्त्यावर येतो, ऊस उसाला लागतो. ऑब्सिडियनच्या शोधाला अक्षरं कळतात, विभक्ती कळत नाही. ‘ऊस’ शोधलंत तर ‘उसाची बिलं’ सापडणार नाहीत, कारण दीर्घ ऊ आणि ऱ्हस्व उ त्याच्या लेखी वेगळी अक्षरं. ‘बंधा’ एवढंच शोधलं तर बंधारा, बंधारे, बंधाऱ्यावर सगळं येतं, शिवाय ‘संबंधात’ही येतं. आणि ‘पूर’ शोधायची हौस असेल तर शोधून बघाच. शोध अक्षरांचा तुकडा बघतो, पूर्ण शब्द बघत नाही. व्हॉल्टमधलं प्रत्येक कोल्हापूर, जयसिंगपूर आणि सोलापूर रांगेत येऊन उभं राहतं.

म्हणून मराठीत जोडणी हाच शोध, असं समजून चाला. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं जोडणीशिवाय भागतं, तो शोधून काढतो. आपलं भागत नाही. वाक्यातलं रूप न मोडता जोडणी करायची सोय आहे: कंसात आधी नोंदीचं मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात हवं ते रूप.

[[पूर|पुरामुळं]] हायवे बंद, [[डिस्पॅच]] थांबलं. [[राजाराम बंधारा|राजाराम बंधाऱ्यावर]] पाणी इशारा पातळीच्या वर.

वाचताना तुम्हाला ‘पुरामुळं हायवे बंद’ एवढंच दिसतं, आणि खतावणी मात्र ‘पूर’ या खात्यावर होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या नोंदीत वरच लिहून ठेवलंय, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, म्हणजे जुलैमध्ये आकडे येऊ लागले की इकडंतिकडं बघावं लागत नाही. आणि हे खातं वाळूच्या खात्याला जाऊन मिळतं, कारण दोन्ही त्याच आठवड्यांत भरतात. फौंड्रीतल्या नोंदींत नदी कुठून आली, असं कुणी विचारेल. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की माल गेटातच राहतो, म्हणून.

ही उभी रेघ रोज टाकायचा कंटाळा येतो, कबूल. मी एक तडजोड काढलीय: ज्या शब्दाचं मूळ रूप शाबूत राहतं तिथं प्रत्यय कंसाबाहेर ठेवायचा. [[कोअर]]मध्ये, [[डिस्पॅच]]ला. इंग्रजीतून आलेल्या शब्दांना हे बहुधा चालतं, आणि एमआयडीसीतली निम्मी भाषा तशीच आहे.

एकाच गोष्टीची दोन-तीन नावं असतील तर नोंदीच्या माथ्यावर ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अलायसेस’ नावाचा रकाना जोडता येतो. ‘ब्लो होल’च्या नोंदीला ‘ब्लोहोल’, ‘गॅस होल’, ‘भोक’ अशी टोपणनावं देऊन ठेवा. कंस उघडून यातलं कुठलंही नाव लिहायला लागलात की तीच नोंद सुचवली जाते. सुचवलेल्यातूनच निवडायची सवय लावा. फौंड्री, फाउंड्री, फौन्ड्री अशी तीन खाती होण्यापासून तेवढाच बचाव आहे.

आणखी काही बारीक काटे. आकडे देवनागरी लिहायचे की इंग्रजी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एकात शोधलं तर दुसऱ्यातलं मिळत नाही. ‘बंधाऱ्यावर’मधलं ते अर्धं र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीनं साठतं, दिसायला सारखं, शोधायला निराळं. लॅपटॉप आणि फोनवर जमल्यास एकाच धाटणीचा कीबोर्ड ठेवा. नोंदीच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, त्यामुळं ७/१२ ची नोंद ‘सातबारा’ अशी अक्षरीच करावी लागते. विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्हही नावात टाळा. हॅश, उभी रेघ आणि चौकटी कंस तर नकोतच, त्यांनी जोडणी मोडते. फोनवरच्या मराठी कीबोर्डमध्ये चौकटी कंस दोन पडदे आत असतात, पण ऑब्सिडियनमध्ये कीबोर्डच्या डोक्यावर जी बटणांची पट्टी येते तिच्यात दुहेरी कंसाचं बटण आहे. ते सापडेपर्यंत माणसं वैतागून अ‍ॅप काढून टाकतात.

कीबोर्डचे चार शॉर्टकट

कंट्रोल आणि ओ: नाव लिहून नोंदीवर उडी मारायची. हा एकच आला तरी फोल्डरांची गरज निम्म्यावर येते. कंट्रोल आणि एन: नवी नोंद. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ: सगळीकडं शोध. कंट्रोल आणि पी: सगळ्या आज्ञांची यादी, एखादी गोष्ट कुठून करायची ते आठवत नसेल तेव्हा. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड.

फोल्डर तीन पुरतात: रोज, जोडपत्रं, आणि बाकी सगळं एका जागी. टॅगच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका.

नक्कल आणि फोन

नोंदी तुमच्याच मशीनवर आहेत याचा दुसरा अर्थ असा, की मशीन गेलं तर त्याही गेल्या. ऑब्सिडियन स्वतः दर काही मिनिटांनी नोंदींच्या जुन्या प्रती काढून ठेवतं. ‘फाइल रिकव्हरी’मध्ये मुळात पाच मिनिटं आणि सात दिवस असा हिशोब लावलेला असतो. चुकून परिच्छेद उडाला तर तिथून परत मिळतो. पण या प्रती त्याच डिस्कवर असतात, म्हणून त्याला बॅकअप म्हणू नये. दर रविवारी अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. नुसत्या लेखी नोंदी असतील तर वर्षभराचा ऐवजसुद्धा एखाद्या व्हिडिओपेक्षा लहान भरतो. आणि तो पेन ड्राइव्ह त्याच कपाटात ठेवू नका. ज्यांचं घर पूररेषेत येतं त्यांनी एक प्रत उंचावरच्या नातेवाइकांकडं द्यावी.

फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडं तेच दिसायला हवं असेल तर सरळ मार्ग म्हणजे ऑब्सिडियनचं स्वतःचं सिंक. वर्षाचे पैसे एकदम भरले तर साधी योजना महिन्याला ४ डॉलर पडते. त्यात १ जीबी जागा आणि एका फाइलला ५ एमबीची मर्यादा, म्हणजे नोंदींना रग्गड, फोटोंना तोकडी. नोंदी कुलूपबंद होऊन जातात, त्यांच्या सर्व्हरवरही वाचता येत नाहीत. मात्र ते कुलूप लावणारा पासवर्ड तुम्ही विसरलात तर तेही काही करू शकत नाहीत. आयफोन आणि मॅक असेल तर आयक्लाउडवर फुकटात भागतं. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हचा फोल्डर थेट उघडता येत नाही, मध्ये तिसरं अ‍ॅप लागतं. ते करता येतं, पण नवख्यानं त्यात शिरू नये. काहीही निवडा, एकाच फोल्डरवर दोन सिंक लावू नका. दोन्ही एकमेकांच्या फाइली ओढत बसतात आणि एकेका नोंदीच्या तीन प्रती होतात.

फोनसाठी माझं मत विचाराल तर पहिला महिना सिंकशिवायच काढा. शॉपवर काही दिसलं तर कीपमध्ये किंवा चिठ्ठीवर टिपा, संध्याकाळी लॅपटॉपवर कीर्द लिहा. फोनवरचं ऑब्सिडियन उघडायला वेळ घेतं, आणि भट्टीसमोर हातमोजे काढून कंस टाकत बसणं कुणाला जमणार?

प्लगइनचं गाजर

युट्यूबवर ऑब्सिडियनचा कुठलाही व्हिडिओ लावा, दहाव्या मिनिटाला माणूस प्लगइनची यादी वाचायला घेतो. बाहेरच्या लोकांनी बनवलेले प्लगइन हजारांवर आहेत आणि त्यातले काही अफलातून आहेत. डेटाव्ह्यूनं नोंदींतून तक्ते निघतात, एक्सकॅलिड्रॉनं हातानं काढल्यासारख्या आकृत्या काढता येतात. ऑब्सिडियन सुरुवातीला हे सगळं बंदच ठेवतं आणि चालू करताना इशारा देतं, त्याला कारण आहे. एकदा चालू केलेल्या प्लगइनला तुमच्या फाइलींपर्यंत मोकळी वाट असते, त्याला वेगळ्या खोलीत कोंडलेलं नसतं. अ‍ॅप अद्ययावत झालं आणि प्लगइन बनवणारा मागं पडला तर तुमचे तक्ते कोरे दिसतात.

पण मला याहून मोठी हरकत आहे ती वेगळीच. डेटाव्ह्यूसाठी नोंदींत जे सांकेतिक लिहावं लागतं ते नोटपॅडमध्ये उघडलं तर निरर्थक दिसतं. साध्या टेक्स्ट फाइली म्हणून हे अ‍ॅप घेतलं, आणि प्लगइनच्या नादानं त्याच फाइली त्या प्लगइनला बांधून टाकल्या. तक्ते हवेच असतील तर २०२५ मध्ये ऑब्सिडियननं स्वतःचं ‘बेसेस’ आणलंय, नोंदींच्या माथ्यावरच्या रकान्यांवरून ते तक्ता करून देतं. सहा महिने नोंदी ठेवून झाल्या आणि तरीही तक्त्याची गरज वाटली तर तिकडं वळा.

‘ग्राफ व्ह्यू’ तेवढं एकदा बघा. सगळ्या नोंदी ठिपक्यांच्या, सगळ्या जोडण्या रेघांच्या रूपात तरंगताना दिसतात. आमच्याकडचा एक मेंटेनन्सवाला बघून म्हणाला, “आयला, हे तर लई भारी! पण ह्यात बेअरिंग कुठाय माझं?” खरं आहे, त्यात काही शोधायला गेलं तर सापडत नाही. ‘कॅनव्हास’ मात्र कामाचा आहे: मोठ्या फळ्यावर नोंदींचे तुकडे मांडून बाण काढता येतात, एखाद्या तक्रारीचं मूळ शोधताना उपयोगी पडतो.

जपायच्या दोन गोष्टी

पहिली, हा व्हॉल्ट कुलूपबंद नसतो. लॅपटॉप ज्याच्या हाती त्याला सगळं वाचता येतं. बँकेचे पिन, आधारचा नंबर, पासवर्ड यांतलं काहीही इथं लिहू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

दुसरी नोकरी करणाऱ्यांसाठी. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, भाव, पार्ट नंबर हे कंपनीचं असतं, स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हॉल्टमध्ये ते नेऊ नका. ‘ओलावा वाढला की हा दोष येतो’ हे तुमचं ज्ञान, ‘अमक्या गिऱ्हाइकाचे इतके पीस रिजेक्ट झाले’ ही कंपनीची माहिती. सीमा नेहमी इतकी स्वच्छ नसते. शंका आली तर साहेबांना विचारून घ्या, किंवा गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता दोषाबद्दलच लिहा.

जुन्या वह्यांचं काय

हा प्रश्न वही बाळगणारा प्रत्येक जण विचारतो. लांब रुंद वह्या आहेत, डायऱ्या आहेत, वडिलांच्या हातची शेताची टिपणं आहेत, ते सगळं टाइप करायचं का? अजिबात नको. त्यात उन्हाळा जाईल आणि ऑब्सिडियनचा वीट येईल तो वेगळाच. वह्यांना बाहेरून नंबर घाला. वही चाळताना कामाचं पान दिसलं तर त्या विषयाच्या नोंदीत एक ओळ टाका: ‘भट्टीचं अस्तर, वही ४, पान ३१, आकृती आहे.’ फोटो काढलात तरी ही ओळ लागतेच, कारण फोटोतलं अक्षर शोधात येत नाही. ओळीत दोन शब्द जास्त घाला, आकृती कशाची आहे ते. वही कपाटातच राहू दे.